पाळीचं दुखणं किती अंगावर काढायचं? एंडोमेट्रिओसिसचं निदान, औषधं, अनुभव

रेवाकाठ | १ मार्च, रात्री १०.५०

मार्च हा एंडोमेट्रिओसिसबद्दल (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) जागृतीचा महिना. गेली दोन वर्षं लिहू लिहू म्हणत होते, आज बसलेच.

माझी पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली आणि चौदाव्या वर्षापासून दुखणं. सांगलीला शाळेत असताना महिन्यातले दोन दिवस बाकावर डोकं टेकून जायचे. आई ओवा-गूळ द्यायची, पोट शेकायची. तिचं काही चुकलं नाही, तिलाही हेच सांगितलं गेलं होतं की पाळी म्हटली की दुखायचंच. घराजवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, "लग्न झालं की कमी होईल." आम्ही दोघींनी विश्वास ठेवला.

बाविसाव्या वर्षी पुण्यात नोकरीला लागले आणि स्वतःच्या पैशाने पहिली सोनोग्राफी केली. टेबलवर झोपल्यावर पहिला प्रश्न, "लग्न झालंय का?" नाही म्हटल्यावर पोटावरून यंत्र फिरवलं, दहा मिनिटांत रिपोर्ट हातात. सगळं नॉर्मल. तो कागद घेऊन मी रिक्षात रडले, कारण काहीतरी सापडावं असं मला मनापासून वाटत होतं. नॉर्मल रिपोर्ट आला की घरात, ऑफिसात, डॉक्टरांकडे, सगळीकडे आपलं दुखणं खोटं ठरतं. पुढची सात वर्षं मीही ते खोटंच धरून चालले.

मध्यंतरी पोटाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना कळ यायची, पोट टम्म फुगायचं. आतड्याचा त्रास म्हणून वर्षभर पावडरी आणि गोळ्या घेतल्या. हे फक्त पाळीतच होतं का, असं कुणी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही.

निदानाचं दार उघडलं ते त्वचेच्या डॉक्टरांमुळे. माझ्या ओटीपोटावर तपकिरी डाग पडले होते, मासे पकडायच्या जाळ्यासारखे, एकात एक गुंतलेले. मला वाटलं बुरशी असेल. डॉक्टरबाईंनी दिव्याखाली नीट पाहिलं, बोट फिरवलं आणि विचारलं, "इथे गरम काय धरता?" मी म्हटलं, गरम पाण्याची पिशवी. "किती वेळ?" मी सांगितलं, पाळीत रात्रभर, आणि हल्ली अधूनमधून इतर दिवशीही. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे डाग शेकून शेकून पडलेत. मलम देत नाही. इतकं शेकावं लागतंय ते कशामुळे, ते आधी शोधा." आणि त्याच चिठ्ठीवर एका स्त्रीरोगतज्ज्ञांसाठी चार ओळी लिहून दिल्या.

त्या दुसऱ्या डॉक्टरांनी तपासण्याआधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. शौचाला, लघवीला, संबंधाच्या वेळी, पाळीच्या किती दिवस आधीपासून, पायात कळ उतरते का. एव्हाना लग्न झालं होतं, त्यामुळे आतून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी केली, आणि ती सावकाश. प्रोब हलकेच पुढे-मागे करून गर्भाशय आतड्यावरून सरकतंय का ते पाहिलं. माझं सरकत नव्हतं, चिकटलेलं होतं. डाव्या बीजाशयात चार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे साचलेल्या जुन्या रक्ताची गाठ. नंतर एमआरआय झाला, त्यात आतड्याच्या पुढच्या भिंतीवर गाठ दिसली. वय वर्षं २९. म्हणजे पहिल्या कळेपासून निदानापर्यंत १५ वर्षं.

आता डायनोजेस्ट ही संप्रेरकाची गोळी, २ मिलिग्रॅम, रोज घेते, पाळी बंद आहे. पहिले तीन महिने जवळजवळ रोज थोडं थोडं डाग लागणं चालू होतं, चिडचिड फार व्हायची, दोनदा सोडून द्यावंसं वाटलं. पाचव्या महिन्यात एकदा सकाळी उठले आणि लक्षात आलं की रात्री पिशवी घेतलीच नाही.

मला एवढंच सांगायचंय: सोनोग्राफी नॉर्मल आली तरी दुखणं खरं असतं. आणि ते डॉक्टरांना पटवायचं असेल तर लिहून ठेवा. माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते:

"मंगळवार. पाळीचा दुसरा दिवस. पहाटे ४ ला कळेने जाग. दुखणं दहापैकी ९. गोळी ४.२० ला, रिकाम्या पोटी, उलटी झाली. शौचाला बसताना खालून सुरी घातल्यासारखं. उजव्या मांडीत कळ. ऑफिस नाही."

"फार दुखतं हो डॉक्टर" असं मी पंधरा वर्षं म्हणत होते. काम झालं ते अशा तीन महिन्यांच्या पानांनी.

तुमचे अनुभव लिहा. कुणाला उपयोग होईल.

---

आंबोळी | १ मार्च, रात्री ११.३२

रेवा, "काहीतरी सापडावं असं वाटत होतं" हे वाचून थांबले. अगदी हेच. माझं निदान ३३ व्या वर्षी, मूल होत नाही म्हणून तपासण्या केल्या तेव्हा. दुखण्यासाठी दहा वर्षं डॉक्टरांकडे जात होते तेव्हा कुणी शोधलं नाही, मूल हवं म्हटल्यावर महिन्याभरात शोधलं. याचा राग अजून जात नाही.

---

तेरडा | २ मार्च, सकाळी ७.१५

मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. धागा फार चांगला झालाय, काही गोष्टी जोडते.

या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, म्हणजे बीजाशयावर, गर्भाशयामागच्या खोलगट जागेत, आतड्यावर, मूत्राशयावर वाढतात. संप्रेरकांना त्याही प्रतिसाद देतात, तिथे दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, जगभरात १९ कोटींना, हा आजार आहे. माझ्या ओपीडीत रोज बसणाऱ्या बायकांमध्ये तो असणारच. मी विचारलं तर सापडतो, नाही विचारलं तर त्या पेनकिलर घेऊन घरी जातात.

पूर्वी आम्हाला शिकवलं होतं की दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय निदान पक्कं नाही. युरोपातल्या एश्रे या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हे बदललं. लक्षणं आणि तपासणी जुळत असेल तर दुर्बिणीची वाट न पाहता औषध सुरू करता येतं. सोनोग्राफी-एमआरआयमध्ये काही दिसत नसेल आणि औषधानेही उतार पडत नसेल, किंवा औषध देणं योग्य नसेल, तेव्हा दुर्बीण. आणि सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. पेरिटोनियमवरचे (पोटाच्या आतल्या पातळ आवरणावरचे) बारीक ठिपके सोनोग्राफीत दिसतच नाहीत. तेच ठिपके प्रचंड दुखू शकतात. पहिल्या स्टेजची मुलगी जमिनीवर लोळते आणि चौथ्या स्टेजच्या बाईला पत्ताही नसतो, हे मी स्वतः पाहिलंय. स्टेजवरून दुखणं मोजू नका.

सीए-१२५ ही रक्ततपासणी या निदानासाठी करू नये. ती फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयातल्या साध्या गाठींमध्ये) वाढते, आपल्याकडे पोटाच्या टीबीतही वाढते, साध्या पाळीतही वाढते. आकडा जास्त आला की घरात कॅन्सरची भीती शिरते आणि हाती काही लागत नाही.

पेनकिलरबद्दल. मेफेनॅमिक अॅसिड आपल्याकडे सर्रास घेतात. कळ शिगेला पोचल्यावर घेतली तर ती पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. पाळीचा अंदाज असेल तर सुरुवातीलाच, खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळाने. किडनीचा त्रास, अल्सर किंवा दमा असेल तर आधी सांगा. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने या औषधाबाबत सावधगिरीची सूचना काढली होती: क्वचित काहींना ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं अशी गंभीर प्रतिक्रिया येते, आणि ती औषध घेतल्यावर काही आठवड्यांनीही येऊ शकते. असं काही दिसलं तर गोळी थांबवून लगेच दाखवा.

---

सातारी_कंदी | २ मार्च, दुपारी १.०५

पुरुष आयडी आहे, इथे लिहावं की नाही असं वाटत होतं. बायकोला हा आजार आहे. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ती जवळ येणं टाळते असं मी मनात धरून बसलो होतो. तिला दुखत होतं आणि ती सांगत नव्हती, मी विचारत नव्हतो. संबंधाच्या वेळी दुखतं का, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर तिला विचारलं आणि ती "हो" म्हणाली, तेव्हा मला कळलं. नवरे मंडळींनी एकदा तरी तपासणीला सोबत जावं, बाहेर बाकावर न बसता आत.

---

माळरान | २ मार्च, रात्री ९.४०

माझ्या दोन शस्त्रक्रिया झाल्या, दोन्ही दुर्बिणीतून. पहिलीत सिस्ट काढली आणि बाकीचे ठिपके वरून जाळले. आठ महिन्यांत दुखणं परत. नंतर एएमएच (बीजाशयात बीजं साधारण किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) तपासलं तर ते निम्म्यावर आलेलं. सिस्ट काढताना बीजाशयाचा चांगला भागही थोडा जातो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी बीजं गोठवून ठेवण्याचा विचार केला असता. तेव्हा २७ वर्षांची होते. ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

दुसरी वेळ मी वर्षभर माहिती काढून केली. या वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर आतड्याचे सर्जनही टेबलवर होते, कारण एमआरआयमध्ये गाठ आतड्यात खोल दिसत होती. वरून न जाळता मुळासकट कापून काढलं. साडेचार तास. नंतर तीन दिवस खांद्यात दुखत होतं, ते पोटात भरलेल्या गॅसमुळे असतं, घाबरू नका. त्यानंतर चार वर्षं झाली, महिन्यातून एखादी गोळी लागते.

ऑपरेशनला हो म्हणण्याआधी डॉक्टरांना विचारा: तुम्ही जाळणार की कापून काढणार? आतडं किंवा मूत्रवाहिनी गुंतलेली निघाली तर आत कोण असणार? माझ्या बीजाशयाचं काय होईल? आणि नंतर पुन्हा होऊ नये म्हणून काय देणार? उत्तर द्यायला जे डॉक्टर वैतागतात त्यांच्याकडे मी पुन्हा गेले नाही.

---

तेरडा | ३ मार्च, सकाळी ६.५०

माळरान, तुमचा चौथा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. ऑपरेशननंतर लगेच मूल नको असेल तर किमान दीड-दोन वर्षं संप्रेरकांचं औषध किंवा गर्भाशयात बसवायची, लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणारी तांबी चालू ठेवली तर पाळीचं दुखणं परतण्याचं प्रमाण कमी होतं. ऑपरेशन झालं म्हणजे संपलं, असं समजून बायका येणं थांबवतात.

---

लोणचं_मुरलेलं | ३ मार्च, दुपारी ३.२०

मी लातूरकडची, वय ६१. आमच्याकडे एवढ्या तपासण्या नव्हत्या. पोटात दुखतं, अंगावरून फार जातं, म्हटलं की डॉक्टर म्हणायचे गर्भाची पिशवी काढून टाका. माझ्या धाकट्या जावेची ३२ व्या वर्षी काढली. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ साली सगळ्या पेपरांत आलं, सरकारने नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. उसाच्या फडात पाळीचा खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून बाई स्वतःच म्हणते काढा एकदाची.

जावेचं सांगायचं तर पिशवी गेली आणि दुखणं तसंच राहिलं. सगळे म्हणायचे आता काय राहिलंय दुखायला, नाटक करते. मीसुद्धा एकदा बोलले होते. या धाग्यावर वाचलं की आजार पिशवीच्या बाहेर असतो. काल तिला फोन केला. एवढंच म्हटलं की तुझं खरं होतं गं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

---

रेवाकाठ | ३ मार्च, सायं. ६.१०

आक्का, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला.

---

तेरडा | ३ मार्च, रात्री १०.००

आक्का, जाऊबाईंना अजून दुखत असेल तर एकदा तपासून घ्याच. बीजाशयं आहेत की काढली, ते जुन्या डिस्चार्ज कार्डावर असेल. पिशवी काढणं काही स्त्रियांना, विशेषतः सोबत अॅडेनोमायोसिस (गर्भाशयाच्या भिंतीतच अस्तर वाढणं) असेल, मूल नको असेल आणि बाकी उपाय थकले असतील तर, खरोखर आराम देतं. पण बाहेरचा आजार तसाच ठेवून नुसती पिशवी काढली तर दुखणं राहू शकतं. तिशीत बीजाशयंही काढली तर हाडं आणि हृदय यांची वेगळी काळजी घ्यावी लागते, आणि ती आपल्याकडे क्वचितच घेतली जाते.

---

उत्तरवारा | ४ मार्च, पहाटे २.३०

इंग्लंडमधून लिहितेय. इथे सगळं सुरळीत असेल असं वाटत असेल तर तसं नाही. घरच्या डॉक्टरने चार वर्षं मला फक्त गर्भनिरोधक गोळ्या बदलून दिल्या. पण गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी इथे खास एंडोमेट्रिओसिस केंद्रं आहेत, तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ, आतड्याचे सर्जन, वेदनातज्ज्ञ, नर्स असे सगळे मिळून एकच फाइल बघतात. तिथवर पोचल्यावर फरक पडला. आधी बीजाशयांची संप्रेरकं थांबवणारी ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं झाली, त्यात ३१ व्या वर्षी रजोनिवृत्तीसारख्या गरम वाफा अंगातून जायच्या. सोबत थोडं संप्रेरक परत देतात, नाहीतर हाडं झिजतात. आता रेलुगोलिक्सची एकत्रित गोळी आहे, आधीचे उपाय लागू न पडलेल्यांना ती २०२५ पासून इथल्या सरकारी सेवेत मिळायला लागली.

आणखी एक. इथे मला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी दिली. वर्षानुवर्षं कळ सोसताना आपण ते स्नायू मुठीसारखे आवळून धरतो, मग आजार आटोक्यात आला तरी ते सुटत नाहीत आणि तेच दुखतात. फिजिओने मला आधी श्वास सोडताना खालचं अंग सैल सोडायला शिकवलं. सहा आठवडे फक्त तेवढंच. बसणं, संबंध, दोन्ही सुसह्य झालं. पुण्या-मुंबईत हे करणाऱ्या फिजिओ आहेत, विचारा.

---

हिरवी_चाफेकळी | ४ मार्च, सकाळी ११.१५

माझ्या बहिणीने गहू, दूध, साखर बंद केली आणि वैद्यांचा काढा घेतला, तीन महिन्यांत सिस्ट विरघळली. मुळावर उपाय करा, संप्रेरकांच्या गोळ्या नुसत्या झाकून ठेवतात.

---

रेवाकाठ | ४ मार्च, दुपारी १२.४०

चाफेकळी, बहिणीला बरं वाटलं याचा खरंच आनंद आहे. पण पाळीचक्रात येणारी साधी सिस्ट दोन-तीन महिन्यांत आपोआप जाते, चॉकलेट सिस्ट सहसा तशी जात नाही. बहिणीची कुठली होती ते रिपोर्टवर पाहा. मी पण गहू सोडून पाहिला होता. पोट फुगणं कमी झालं, कळ कमी झाली नाही. ज्याने बरं वाटतं ते खावं, पण त्यासाठी चालू औषध कुणी बंद करू नये अशी माझी कळकळीची विनंती. या आजाराला अजून कायमचा उपाय नाही. तो झाकून ठेवणारी गोळी मला महिन्याचे सगळे दिवस परत देते.

---

चिंचबोर | ५ मार्च, रात्री १.२०

आयडी आजच काढला. मी वीस वर्षांची आहे, संभाजीनगरला होस्टेलवर. मागच्या महिन्यात प्रॅक्टिकलला चक्कर येऊन पडले. मॅडम म्हणाल्या नाश्ता करून येत जा. मला रेवाताईंसारखंच शौचाला दुखतं, पण कुणाला सांगणार. सोनोग्राफीला जायची भीती वाटते, लग्न झालेलं नाही आणि आतून करतील तर. आई गावाकडे आहे. ती म्हणेल सगळ्यांचंच दुखतं.

---

तेरडा | ५ मार्च, सकाळी ६.४०

बाळा, तुझ्या संमतीशिवाय आतून कुणीही काहीही करू शकत नाही, हे पक्कं लक्षात ठेव. आधी पोटावरून सोनोग्राफी होते. त्यात काही दिसलं नाही आणि संशय असेल तर एमआरआय करता येतो, त्याला आतून तपासावं लागत नाही. आणि तुझ्या वयात लक्षणं ऐकूनही उपचार सुरू करता येतात. दुखण्याने शुद्ध हरपणं, कॉलेज बुडणं हे "सगळ्यांचंच" नसतं. शौचाचं नक्की सांग, डॉक्टरांना त्यात लाजण्यासारखं काही वाटत नाही.

---

रेवाकाठ | ५ मार्च, सकाळी ८.०५

चिंचबोर, आज एक वही घे. तारीख, पाळीचा कितवा दिवस, दुखणं दहापैकी किती, कुठे, गोळी किती वाजता, काय बुडलं. बस्स. आईला फोनवर सांगू नकोस, वही दाखव.

---

चिंचबोर | १९ एप्रिल, रात्री ९.५५

रेवाताई, दीड महिना लिहिलं. दोन पाळ्या झाल्या. शनिवारी घरी आले आणि जेवण झाल्यावर आईच्या हातात वही दिली. ती ओट्यापाशी उभी राहूनच वाचायला लागली. तिसऱ्या पानावर थांबली, तिथे मी लिहिलं होतं की लेक्चरमधून उठून बाथरूमच्या फरशीवर बसून राहिले, फरशी गार होती म्हणून बरं वाटलं. आई म्हणाली, मी बांधावर बसायचे गं, भिजवलेल्या सरीत पाय सोडून. माझी आजी तिला कामचुकार म्हणायची.

गुरुवारी दोघी जातोय डॉक्टरांकडे. आईची पाळी गेली आता, पण तिची कंबर अजून दुखते, तिलाही विचारायचंय. हे आईकडून येतं का?

---

तेरडा | २० एप्रिल, सकाळी ६.३०

आईला किंवा बहिणीला असेल तर शक्यता वाढते, हो. डॉक्टरांना हे पहिल्या वाक्यात सांग.

---

रेवाकाठ | २० एप्रिल, सकाळी ७.२०

नंबर आधी लावून ठेव, सकाळचा घे, गर्दी कमी असते. सकाळी खाऊन निघा. आणि वहीत आईसाठी एक वेगळं पान कर, तिला आठवेल तसं तिला सांगू दे, तू लिही.